सीमाभागातील शांततेचा ताळेबंद



दरवर्षी २१ सप्टेंबरला जगभर आंतरराष्ट्रीय शांतता दिन पाळला जातो. युक्रेन, गाझा, पहलगामनंतर मे २०२५ मध्ये झालेला भारत-पाक संघर्ष, हे सगळे आपण रोज टीव्हीवर पाहतो आणि ‘जगात शांती कुठे राहिली आहे?’ असे म्हणून चॅनेल बदलतो. त्या मोठ्या युद्धांवर बोलणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या माणसाला रोज जी शांतता मिळते किंवा मिळत नाही, तिच्याकडे मात्र आपण कमी पाहतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला वर्षाच्या शेवटी ताळेबंद मांडायची सवय असते. तसा आपल्या भागातील शांततेचा ताळेबंद मांडण्याचा हा प्रयत्न आहे. सर्वांना सर्व पटेल असे नाही, पण विचार व्हावा.

शांतता आणि शांती

मराठीत हे दोन शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ एक नाही. शांतता म्हणजे आवाज नसणे. वर्गात मास्तर आले की शांतता होते, गावात जमावबंदी लागू झाली की शांतता होते. शांती मात्र आतून यावी लागते. ‘शहरात सर्वत्र शांतता आहे’ असे पोलीस सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, पण ते फक्त पहिल्या शब्दाविषयी बोलत असतात.

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये हाच फरक शास्त्रीय भाषेत मांडला. मारामारी थांबणे ही एक प्रकारची शांतता, आणि मारामारीची कारणेच उरू नयेत अशी न्यायाची व्यवस्था असणे ही दुसऱ्या प्रकारची शांतता. पहिली पोलीस आणू शकतात. दुसरी सरकार, न्यायालय, शाळा, शेजारी या सर्वांनी मिळून आणावी लागते. आपल्याकडे गेली जवळजवळ सत्तर वर्षे पहिलीच शांतता अधूनमधून येते आणि जाते.

एका बसमधला वाद

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी सुळेभावी-बाळेकुंद्री टापूत बसमध्ये तिकीट काढताना मराठीत बोलायचे की कन्नडमध्ये यावरून वाद झाला आणि कंडक्टरला मारहाण झाली. पुढचे आपण सर्वांनी पाहिले. चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळे फासले गेले. महाराष्ट्रात कर्नाटकच्या गाड्यांना काळे फासले गेले. दोन्हीकडच्या आंतरराज्य गाड्या बंद झाल्या. २२ मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. एका तिकिटावरून सुरू झालेली गोष्ट दोन राज्यांच्या मंत्र्यांपर्यंत गेली.

ज्या गावांची नावे या बातमीत आली, त्यांच्याकडे जरा पाहावे. सुळेभावी हे पंडित कुमार गंधर्वांचे जन्मगाव. ८ एप्रिल १९२४ रोजी तिथे जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. घरची भाषा कन्नड. पुढे मुंबईत शिकले, देवासला राहिले, माळव्याची लोकगीते गायले, निर्गुणी भजने गायले आणि मराठी माणसाने तर त्यांना आपलेच मानले. बाळेकुंद्री म्हणजे श्री पंत महाराजांचे गाव. १८५५ ते १९०५ हा त्यांचा काळ. बेळगावात शिक्षकाची नोकरी केलेल्या या सत्पुरुषाने मराठीत पदे रचली. आजही कन्नड आणि मराठी दोन्ही घरांतली माणसे त्यांच्या उत्सवाला जातात. ज्या टापूने हे दोघे दिले, त्याच टापूत भाषेवरून हात उगारला गेला याचे वाईट वाटते.

मारहाण करणारा कोणत्या भाषेचा, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. कंडक्टर हा सहा-सात तास उभे राहून नोकरी करणारा माणूस. एसटीचा चालकही तसाच. दोघांनाही सीमाप्रश्नाचा निकाल देता येत नाही. राग मात्र त्यांच्यावर निघतो, कारण तेच हाताशी सापडतात. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगडफेक झाली, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे फासले गेले. तेव्हाही मार खाल्ला तो चालकांनी आणि गाड्यांनी.

येणे बाकी

नव्या पिढीसाठी थोडक्यात इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि मुंबई राज्यातला हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीच, १७ जानेवारी १९५६ रोजी निषेध करणाऱ्यांवर बेळगाव व निपाणी येथे गोळीबार झाला. म्हणून १७ जानेवारी आपला हुतात्मा दिन आहे आणि १ नोव्हेंबरला शेजारी राज्योत्सव साजरा करतात तेव्हा आपण काळा दिन पाळतो. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकला द्यावीत, बेळगाव कर्नाटकातच राहावे, असे म्हटले होते. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकाने उचलून धरला, आणि अंमलबजावणी कशाचीच झाली नाही. १ जून १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण दरवर्षी डोके टेकवतो ते त्याच आंदोलनातील हुतात्म्यांसाठी.

२००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याला वीस वर्षे उलटून गेली. मधल्या काळात २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे-प्रतिदावे करू नयेत, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी बसून रोजचे प्रश्न सोडवावेत, असे ठरले. बैठकीला दोन आठवडे होण्याच्या आत दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव एकमताने मंजूर केले.

बँकेच्या भाषेत याला थकीत खाते म्हणतात. ज्या खात्यात वसुलीही होत नाही आणि तडजोडही होत नाही, केवळ दरवर्षी पत्रे जातात, त्या खात्याचे व्याज कोणाच्या तरी डोक्यावर चढत असते. आपल्या खात्याचे व्याज तीन पिढ्यांनी भरले आहे. निकाल काहीही लागो, तो लवकर लागावा, ही मागणी शांततेच्या विरोधातली नसून शांततेची पहिली अट आहे. ‘आता सोडून द्या, शांत बसा’ असा सल्ला देणारे चांगल्या मनाने देत असतील. पण ज्याचे येणे आहे त्याने कागद फाडून टाकावेत म्हणजे शांती नांदेल, हा हिशेब बरोबर नाही. कागद जपून ठेवावेत, दावा सनदशीर मार्गाने चालवावा आणि दरम्यान शेजाऱ्याशी भांडू नये. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

निपाणीने १९८१ मध्ये काय दाखवले

निपाणीच्या लोकांना हे सांगायला नको, पण मंडळातील तरुणांना कदाचित माहीत नसेल. १४ मार्च १९८१ पासून तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीजवळ बसले. त्या वस्तीला ‘आंदोलननगर’ म्हणत. नेते होते शेतकरी संघटनेचे शरद जोशी, म्हणजे महाराष्ट्रातले, आणि स्थानिक पातळीवर प्रा. सुभाष जोशी. सरकार कर्नाटकाचे. बसलेल्या शेतकऱ्यांत मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते शांतपणे बसले. ६ एप्रिलला पोलिसी कारवाई आणि गोळीबार झाला व १२ शेतकऱ्यांचा बळी गेला.

त्या आंदोलनात तंबाखू कोणत्या भाषेत पिकतो हे कोणी विचारले नाही. व्यापाऱ्याने भाव पाडला तर तो दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांचा पाडतो. त्याच काळात निपाणीच्या वखारींत आणि विडी कारखान्यांत काम करणाऱ्या बायकाही मजुरीसाठी संघटित झाल्या. तंबाखूची धूळ मराठी आणि कन्नड छातीत सारखीच जाते. पोटाचा प्रश्न समोर आला की भाषेची भिंत किती पातळ असते, हे निपाणीने चार दशकांपूर्वीच दाखवले आहे. आणि अहिंसक राहिलेल्या लोकांवरही गोळी चालू शकते, म्हणजे शांततेची जबाबदारी फक्त आंदोलकांची नसते, हेही त्याच वेळी दिसले.

मिसळलेली माणसे

सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तो जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जातो. त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरे पिढ्यानपिढ्या शेजारी राहत होती. शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची ठेवण इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत सांगता येई. आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण आपले घरही तसेच आहे. आपण ‘अक्का’ म्हणतो, ‘अण्णा’ म्हणतो. ज्ञानेश्वरांनी तर पंढरीच्या विठ्ठलालाच ‘कानडा’ म्हटले.

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते बेळगावात टिळकवाडीला भरले. त्याची सारी व्यवस्था पाहणारे गंगाधरराव देशपांडे यांना लोक ‘कर्नाटक सिंह’ म्हणत आणि ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते. त्याच बेळगावात १९४६ च्या मराठी साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्याच बेळगावात २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन भरले. गावाच्या इतिहासात दोन्ही गोष्टी आहेत. एक खोडून दुसरी ठेवायची, असे कोणीही करू गेले तरी जमणार नाही.

दुसरीकडे काय झाले

इटलीच्या उत्तरेला दक्षिण टायरोल नावाचा प्रांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून तो इटलीकडे गेला. लोक जर्मन बोलणारे. मुसोलिनीच्या काळात त्यांच्या शाळा, गावांची नावे, सगळे इटालियन करण्याचा प्रयत्न झाला. १९६१ मध्ये तिथे एका रात्रीत विजेचे अनेक मनोरे बॉम्बने उडवले गेले. पुढे बोलणी झाली आणि १९७२ मध्ये स्वायत्ततेचा नवा कायदा लागू झाला. प्रत्येक भाषेच्या मुलांना आपल्या भाषेची शाळा मिळाली आणि तिथे दुसरी भाषा शिकणेही आले. सरकारी नोकऱ्या भाषिक संख्येच्या प्रमाणात दिल्या जाऊ लागल्या. अधिकाऱ्याला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. कायदा झाल्यावर त्याची अंमलबजावणी पूर्ण व्हायला वीस वर्षे लागली आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे कळवले. सीमा जागची हलली नाही, पण सीमेचा काच गेला.

आपल्या देशातही आसाम आणि मेघालय यांनी २९ मार्च २०२२ रोजी १२ वादग्रस्त ठिकाणांपैकी सहांवर करार केला. सगळे एकदम सुटत नाही म्हणून निम्मे तरी सोडवले. ही समज आपल्या दोन राज्यांना का सुचू नये?

रोजच्या जीवनातील न्याय

न्यायालयाचा निकाल आपल्या हातात नाही. पण निकालाची वाट न पाहता करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे सांगितले आहे. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्के वा अधिक असेल तिथे महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे धोरण देशपातळीवर जुनेच आहे. आपण नवीन काही मागत नाही.

हे किती साधे आहे ते सांगतो. पीक कर्ज घेणारा शेतकरी बँकेत येतो तेव्हा त्याच्या हातात जमिनीचा उतारा असतो. त्यावर त्याचे नाव, क्षेत्र, कर्जाचा बोजा हे सगळे कन्नडमध्ये. ज्याला कन्नड वाचता येत नाही, त्याला आपल्याच जमिनीवर किती बोजा आहे हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. असा माणूस कोणाच्याही भरवशावर राहतो आणि फसतोही. त्याला मराठीत एक प्रत मिळाली तर कन्नडचे काही कमी होत नाही. रिझर्व्ह बँकेने ग्राहकांसाठीचे फलक आणि छापील माहिती इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवायला सांगितले आहे, ते याच कारणाने. काउंटरच्या आतल्या माणसाने बाहेरच्या माणसाची भाषा समजून घ्यायची असते.

हाच न्याय आरशातही पाहावा. सोलापूर, अक्कलकोट, जत इथे कन्नड बोलणारी मराठी राज्यातली माणसे आहेत. त्यांच्या कन्नड शाळांना शिक्षक मिळतात का, त्यांना कागद समजतात का, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात हवे. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारले गेले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी ते व्हिडिओ टाळ्यांच्या चिन्हांसह पुढे पाठवले. बाळेकुंद्रीत जे चूक ते मीरा रोडला बरोबर कसे होईल? बेळगावात अल्पसंख्याक म्हणून राहणाऱ्या मराठी माणसाला तर हे सर्वांत आधी कळायला हवे. मुंबईतल्या प्रत्येक थपडेचा वळ आपल्या युक्तिवादावर उठतो.

बंदचा हिशेब

बंद पुकारला की कोणाचे किती जाते? मोठ्या कारखानदाराचे नुकसान होते, पण तो तग धरतो. भाजी घेऊन आलेल्या बाईची भाजी संध्याकाळपर्यंत सडते. गाड्या बंद झाल्या की बेळगावच्या इस्पितळात तपासणीला येणारा चंदगड, गडहिंग्लजचा रुग्ण अडकतो, कागलच्या नाक्यावर पोरेबाळे घेऊन माणसे वडापची वाट पाहत उभी राहतात. दुकानदार शटर ओढतो, पण कर्जाचा हप्ता बंद पाळत नाही. आपल्या भागात पिग्मी गोळा करणारा एजंट रोज संध्याकाळी फिरतो. त्याच्या वहीत मराठी नावे असतात, कन्नड नावे असतात, उर्दू नावे असतात. बंदच्या दिवशी त्या सर्वांच्या रकान्यात शून्य पडते. हुतात्मा दिनाचे गांभीर्य मला मान्य आहे आणि त्या दिवशी मी स्वतः अभिवादनाला जातो. पण उठसूट होणाऱ्या बंदने प्रश्न पुढे सरकत नाही, हे आकडे सांगतात.

दुसरा खर्च अफवांचा. मे २०२५ मध्ये कर्नल सोफिया कुरेशी यांच्या सासरच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील घरावर हल्ला झाल्याची पोस्ट समाजमाध्यमांवर फिरली. पोलिसांनी ती पूर्णपणे खोटी असल्याचे जाहीर केले. तोवर ती किती मोबाईलवर पोचली असेल! चेक पास करताना आपण सही जुळवून पाहतो. मजकूर पुढे पाठवताना तेवढी तरी काळजी घ्यावी.

मुलांनी कन्नड शिकावे का?

हा प्रश्न काढला की सभेत आवाज चढतात, म्हणून तो स्पष्टच मांडतो. माझे मत असे की आपल्या मुलांनी मराठी शाळेत शिकावे आणि कन्नड उत्तम शिकावे. नुसते बाजारापुरते नाही, अर्ज लिहिण्याइतके आणि कायदा वाचण्याइतके.

यावर म्हणतात, ‘म्हणजे सक्ती मान्य केली, मग हुतात्म्यांनी कशासाठी प्राण दिले?’ या आक्षेपाचा आदर करून उत्तर देतो. १९८६ चा लढा कन्नड भाषेविरुद्ध नव्हता, सक्तीविरुद्ध होता. मराठी मुलाच्या तोंडून मराठी काढून घेण्याविरुद्ध होता. स्वतःहून शिकलेली भाषा हे आपले शस्त्र होते, लादलेली भाषा हे दुसऱ्याचे. मराठी कागदपत्रे मिळत नाहीत ही तक्रार ज्याला कन्नड वाचता येते तोच नीट मांडू शकतो. शिवाय आज कन्नड न येणारा आपला मुलगा जिल्ह्यातली सरकारी नोकरी गमावतो आणि पुण्याला जातो. तो गेला की मराठी शाळेतला पट कमी होतो, पट कमी झाला की शाळा बंद पडते, आणि शाळा बंद पडली की कोणत्याही दाव्याला अर्थ उरत नाही. इंग्रजी माध्यमासाठी आपण स्वतःच मराठी शाळा रिकाम्या करतो, तेव्हा तिथे कोणाची सक्ती असते?

आपल्या मंडळापुरते

मोठ्या गोष्टी मोठ्यांवर सोडून मंडळाने करण्यासारख्या चार गोष्टी सुचवतो. पहिली, दर शनिवारी मुलांसाठी कन्नड वाचन-लेखनाचा वर्ग आणि शेजारच्या कन्नड मुलांसाठी मराठीचा. शिकवायला निवृत्त शिक्षक दोन्हीकडे आहेत. दुसरी, उतारा, रेशनकार्ड, पेन्शन यांचे कन्नड कागद वाचून मराठीत समजावून देणारे मदत केंद्र, आठवड्यातून दोन तास. तिसरी, दिवाळी अंकात एक कन्नड कथा किंवा लेख मराठी अनुवादात. चौथी, काही तणाव झाला तर मंडळातील ज्येष्ठांनी दुसऱ्या भाषेच्या संस्थेतील ज्येष्ठांना त्याच दिवशी फोन करायचा. भांडण पहिल्या दोन तासांत थांबते, दुसऱ्या दिवशी ते पुढाऱ्यांचे झालेले असते.

यातल्या मदत केंद्रासाठी आठवड्याचे दोन तास द्यायला मी तयार आहे. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. दावा चालू राहील, हुतात्म्यांना आपण विसरणार नाही, आणि शेजारचे घरही आपलेच राहील. या तिन्ही गोष्टी एकत्र सांभाळता आल्या, तर सीमाभागात शांतता आहे असे मी म्हणेन.